बरकतीचं बोंड

बांगडी भरायच्या आधी बिलकिसमावशी समोरचीचा हात हातात घेऊन नुसतीच बसायची. अंगठ्याच्या मुळाशी हलकं दाबत राहायची, हाडं एकमेकांजवळ सरकतात का ते बघायची. मग मध्येच काहीतरी विचारायची, "काय वं, यंदा मामाच्या घरी गेलती का?" उत्तर द्यायला तोंड उघडावं, तोवर काच मनगटावर आलेली असायची. मला तिची बांगडी कधी दुखली नाही.

डझन भरून झालं की ती आणखी एक चढवायची. त्या एकीचे पैसे नसत. "ही बरकतीची," म्हणायची. हिशेब बरोबर बारावर तोडायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. तिची सासू हुरमतबी हिनं ती घालून दिलेली. लिंबाच्या झाडावरची सगळी लिंबं उतरवायची नाहीत. डब्यातलं पीठ तळापर्यंत खरवडायचं नाही. एक ठेवायचं. ठेवलं की पुढचं येतं.

दुसरबीडच्या स्टँडजवळ तिच्या नवऱ्याची, गफ्फारचाचांची, बांगड्यांची टपरी होती. मण्यारांचं घर. पुरुषांनी टपरी आणि आठवडी बाजार सांभाळायचे, बायांनी टोपली घेऊन घरोघर हिंडायचं. आसपासच्या गावांत एकटीनं फिरून येणारी सून ही त्या घराची शान होती. तीच सून कोणाच्या वावरात निंदायला वाकली असती, तर घराची मान खाली गेली असती. "आपून लोकायच्या उंबऱ्यात बसतो, धुऱ्यावर नाही," असं हुरमतबी म्हणायची. धुरा म्हणजे शेताचा बांध. उंबरा आणि धुरा यांच्यामधलं अंतर गावात फार तर हाकेचं असेल, पण त्या घरातल्या कोणत्याही बाईनं ते कधी ओलांडलं नव्हतं.

प्रत्येक घराचं असं एक अंतर असतं. गावातल्या जनकाबाई स्वतःच्या शेतात दिवसभर राबायच्या, पण दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायचं म्हटलं की त्यांना ताप भरायचा. आमच्या बौद्धवाड्यात बाईनं कामाला जाऊ नये असं कोणी म्हणत नव्हतं, कारण तसं म्हणण्याची चैन आम्हाला परवडत नव्हती. माझी आई सिंधूताई लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात निंदणाला गेली होती. कोणत्या कामाला कोणी जायचं हे मजुरीच्या आधी घरं ठरवतात, हे आईनं मला कधी शिकवलं नाही. तिच्याकडे बघून ते आपोआप कळलं.

मग बीटी कपाशी आली, आणि दोन-तीन वर्षांत आमच्या भागात बियाण्याचे प्लॉट सुरू झाले. एरवीच्या कपाशीनं लोकांना रडवलं होतं. कधी पाऊस दगा द्यायचा, कधी लाल्या रोग पडून सगळं वावर वीट भाजल्यासारखं दिसायचं. ज्यांच्याकडे विहिरीला पाणी होतं, त्यांनी कंपनीसाठी बी धरायला घेतलं. जनकाबाईंचे मालक माणिकराव त्यांतले पहिले.

प्लॉटवरचं काम म्हणजे क्रॉसिंग. उद्या फुलणारी कळी आज दुपारून अंगठ्याच्या नखानं सोलायची, आतला पिवळा चुरा अलगद काढून टाकायचा, मधली नाजूक दांडी तेवढी शाबूत ठेवायची आणि तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून नराच्या ओळीतलं फूल त्या दांडीवर फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. नखाचा दाब जरा चुकला की कळी गेली. एखादी कळी सोलायची राहिली, तर तिचं आपलं आपण बोंड धरतं. बाया त्याला 'सेल्फ' म्हणायच्या. असली बोंडं बियाण्यात मिसळली की कंपनी सगळा मालच परत करते. म्हणून हे काम एक दिवसही थांबवता येत नाही. कळी कोणासाठी थांबत नाही.

या कामानं श्रावणातल्या गल्ल्या ओस पाडल्या. नागपंचमी, पोळा, महालक्ष्म्या हे बांगड्यांचे खरे दिवस. दोन हजार सहा साली बिलकिसमावशी टोपली घेऊन निघाली, तर दारादारांत म्हाताऱ्या आणि शेळ्या. मनगटं सगळी प्लॉटवर गेलेली. आठवडाभर ती तशीच भरली टोपली घेऊन परत आली. टपरीवरही कोणी फिरकेना. गफ्फारचाचा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात जाण्याची भाषा बोलू लागले. तिथं त्यांचा एक दूरचा भाऊ होता. त्याच्या हातांवरचे भाजल्याचे डाग बिलकिसमावशीनं ईदेच्या दिवशी जवळून पाहिले होते. दुसऱ्या दिवशी तिनं टोपली उचलली आणि गिऱ्हाइकं जिथं होती तिथं, माणिकरावांच्या प्लॉटवर गेली.

तिला पाहून बाया हसल्याच.

"बिलकिस, इथं काऊन आली व माय?" बनाबाई ओरडली. बनाबाई म्हणजे आईच्या टोळीतली सगळ्यात मोठ्या तोंडाची बाई. "इथं काचीचं काय काम? फांदीत बांगडी अडकली का कळी खाली. आम्हीच काढून ठुल्या, पाय." तिनं दोन्ही हात वर केले. सगळ्याजणींनी केले. ओळींमधून नुसती उघडी मनगटं वर आली.

बिलकिसमावशी धुऱ्यावर टोपली ठेवून उभी राहिली. आई टोळीची मुकादम. ती बिलकिसमावशीजवळ गेली. माणिकरावांना बाया कमी पडत होत्या, आणि पुढं महालक्ष्म्या होत्या. त्या तीन दिवसांत ज्यांच्या घरी लक्ष्म्या बसतात त्या बाया येणार नव्हत्या. आई म्हणाली, "नख दाखव."

"काय?"

"अंगठा दाखव व. आन हातातल्या काढ. तुले त काढता येतात ना न फोडता?"

मण्याराच्या सुनेला बांगडी न फोडता काढता येते का, हे विचारणं म्हणजे सुताराला खिळा काढता येतो का विचारण्यासारखं. तिनं एकेक करून सगळ्या काढल्या, पदरात गुंडाळल्या आणि आईच्या मागं ओळीत शिरली. पहिल्या दुपारी तिनं बऱ्याच कळ्या मोडल्या. बनाबाईनं तिला मनसोक्त टोमणे मारले. चौथ्या-पाचव्या दिवशी टोमणे थांबले. ती कळीलाही हातासारखीच धरायची, आधी जरा दाबून बघायची. वेळ लागायचा, पण दांडी मोडायची नाही.

घरी मात्र ती बांगड्यांच्या फेरीला गेलेली असायची.

सकाळी डोक्यावर टोपली घेऊन निघायची ती आमच्या घरी यायची, टोपली ठेवायची आणि आईबरोबर प्लॉटवर जायची. संध्याकाळी हातात बांगड्या चढवून, टोपली उचलून घरी. मजुरी ती विक्री म्हणून सासूच्या हातात द्यायची. पण विक्री झाली तर टोपली हलकी व्हायला हवी. म्हणून रोज थोड्या बांगड्या ती आमच्या पत्र्याच्या पेटीत काढून ठेवायची. मी तेव्हा चिखलीला वसतिगृहावर शिकत होते. पोळ्याला घरी आले आणि ओढणी काढायला पेटी उघडली, तर ओढणीवर हिरव्या, लाल, चमकीच्या बांगड्यांचा थर.

"आई, हे काय? दुकान टाकलं का?"

"गप राय. बिलकिसच्या हायेत. कोणाजवळ बोलू नको."

महालक्ष्म्यांचे तीन दिवस आमच्या वाड्यातल्या बायांनी आणि बिलकिसमावशीनं प्लॉट ओढला. लक्ष्म्यांच्या जेवणाला माणिकरावांनी आईला आणि तिला शेवटच्या पंगतीला बोलावलं. दोघी गेल्या नाहीत. दुपारच्या कळ्या सोलायच्या होत्या. जनकाबाईंनी पुरणपोळ्या शेतात पाठवल्या. गफ्फारचाचांनी त्या आठवड्यात जालन्याचं नाव काढलं नाही. तेवढ्यासाठीच तर ती हे सगळं करत होती. घरात कळलं असतं, तर प्लॉट सुटलाच असता, आणि जिच्या आड ती हे करत होती ती टोपलीही गेली असती. मग जालना पुन्हा दारात येऊन उभं राहिलं असतं.

रमजान सुरू व्हायच्या थोडं आधी कंपनीचा माणूस प्लॉट बघायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी आईनं सगळ्या ओळी तपासायला घेतल्या. कुठं चुकून सेल्फ राहिलं असेल तर तोडायचं, एवढंच काम. बिलकिसमावशीच्या ओळींची तिला काळजी नव्हती, म्हणून त्या शेवटी ठेवल्या. पहिल्या झाडापाशी वाकली, तर अगदी बुडाशी, पानाआड, एक बोंड. देठाला दोरा नाही. आईनं तोडलं. दुसऱ्या झाडाला, त्याच जागी, एक. तिसऱ्याला एक.

पुढचं मला आईनं, बनाबाईनं आणि खुद्द मावशीनं वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलंय. जिथं तिघींचं जमतं तेवढं सांगते.

आईला आधी राग आला नाही, भीती वाटली. हलगर्जीपणानं बोंडं राहिली असती, तर कुठं दोन, कुठं एक, कुठं काहीच नाही, असं असतं. इथं प्रत्येक झाडाला एकच होतं. तिनं हाक मारली, "बिलकिस! हे काय व?"

मावशी आली, बघितलं आणि साधेपणानं म्हणाली, "बरकतीचं हाय ते."

"काय?"

"झाडाचं सगळंच कसं काढून घ्यावं, सिंधूबाई? एक त्याचं त्याले ठुलं."

मग बनाबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून हसू लागली. "माय माय माय! कपाशीले बी बारावर एक फुकट!" आणि नेमके तेव्हाच माणिकराव पाण्याची बारी बघून तिकडं आले.

त्यांना समजावून सांगावं लागलं. समजलं तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. दोन वर्षं लाल्यानं नेलेली. यंदा सगळं या प्लॉटवर होतं. त्यांनी मावशीकडे बघितलंही नाही. मोटरसायकलकडे जाता जाता एवढंच म्हणाले, "मी स्टँडवर जातो. गफ्फारले सांगतो, तुही बायको घरी ठेव."

मावशी त्यांच्या मागं चार पावलं गेली आणि थांबली. गाडीचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत ती तशीच उभी होती. मग परत आली, पहिल्या झाडापाशी वाकली आणि स्वतः ठेवलेली बोंडं तोडू लागली. आईनं सगळ्या बायांना आपापल्या ओळी सोडून तिच्या ओळींत घातलं. बनाबाईचं हसणं बंद झालं होतं. "रडू नको व," ती म्हणाली, "टिपं पडून टोप्या भिजतीन."

"मी कुठं रडून राह्यली?"

"मंग नाक काऊन वाजून राह्यलं?"

उन्हं कलली तेव्हा मोटरसायकल परत आली. माणिकरावांच्या मागं, एका बाजूला दोन्ही पाय सोडून, एका हातानं ओढणी आणि दुसऱ्या हातानं गाडीचा मागचा दांडा घट्ट धरून हुरमतबी बसली होती. गफ्फारचाचा टपरीवर नव्हते, माल आणायला गेले होते. टपरीवर म्हातारी होती. माणिकरावांनी तिला सगळं सांगितलं, तशी ती टपरीला कुलूप लावून गाडीवर चढली. "मले घेऊन चाल," एवढंच बोलली. माणिकरावांना नाही म्हणता आलं नाही. त्यांच्या आईच्या लग्नात चुडा तिनंच भरला होता.

ती उतरली, गुडघे धरून जरा उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा कामाच्या वावरात आली होती. धुरा ओलांडताना तिनं ओढणी सावरली, एखाद्या अनोळखी घरात शिरावं तशी.

"चाची, काट्या हायेत, जपून," माणिकराव म्हणाले.

"मले दिसते रे बाबू. आंधळी नाही झाली अजून." मग सुनेकडे वळली. "दाखव."

मावशीनं ओंजळ पुढं केली. हिरवी, कच्ची, दोरा नसलेली बोंडं. हुरमतबीनं एक उचललं, बोटांत फिरवलं.

"हे कोणाचं?"

"बरकतीचं, अम्मी. तुमीच तं—"

"मी इचारलं, कोणाचं? माल कोणाचा?"

"माणिकभाऊचा."

"मंग बरकत तुही कशी? बरकत आपल्या टोपलीतली देतेत, बहू. दुसऱ्याच्या झाडावरची ठेवली तं ती बरकत नाही, नुसकान हाय." तिनं बोंड परत ओंजळीत टाकलं. "इतकी वर्सं सांगितलं मी, अर्धंच ऐकलं तू."

माणिकरावांना जे ओरडून सांगायचं होतं ते म्हातारीनं सांगून टाकलं होतं.

मावशी खाली बघत म्हणाली, "अम्मी, मी तुमाले न सांगता..."

"मले पोळ्यापासून मालूम हाय."

आता मात्र आईनंही मान वर केली.

"तुह्या मनगटावर काचीची खूण नाही राह्यली. रोज काढाच्या, रोज घालाच्या, खूण कुठून पडंन? अंगठ्याचं नख हिरवं. आन टोपलीतला माल कमी होते, पण गल्लीत एका पोरीच्या बी हातात नवी बांगडी नाही. मी मण्यारीन हाव, बहू."

"मंग इचारलं काऊन नाही?"

हुरमतबीनं कपाशीच्या ओळींकडं बघितलं. लाल टोप्या घातलेल्या कळ्या, पार विहिरीपर्यंत.

"इचारलं असतं तं तुले सांगा लागलं असतं," ती म्हणाली. "सांगितलं असतं तं मले नाही म्हना लागलं असतं."

आई म्हणते, हे ऐकून बिलकिस तिथंच, ओळीत, मांडी घालून बसली. मग हसली. मग नाक पुसलं. बनाबाई म्हणाली, "पाय, मी म्हनलं व्हतं ना, नाक वाजून राह्यलं."

"आता मालूम झालं सगळ्यायले," माणिकराव चाचरत म्हणाले. "आता तं नाही म्हना लागंन ना, चाची?"

त्यांचा सूर बदलला होता. उद्या कंपनीचा माणूस यायचा होता, निम्म्या ओळी अजून बाकी होत्या, आणि इतक्या अलगद हाताची बाई त्यांना पुढचे पंधरा दिवस हवी होती.

हुरमतबीनं कमरेवर हात ठेवले. "कोनी इचारलं तं मी सांगीन, सून प्लॉटवर बांगड्या घेऊन जाते. गिऱ्हाईक जिथं, तिथं मण्यारीन. झूठ हाय का?" मग सुनेला, "पण टोपली सिंधूच्या घरी नाही ठेवाची. इथं, धुऱ्यावर पायजे. लोकायले दिसली पायजे."

"हाव, अम्मी."

"आन उठ. बसून काय राह्यली? लोकाचा माल खराब केला, नीट कोन करंन?"

असं म्हणून ती स्वतःच एका झाडापाशी वाकली, पानं बाजूला सारली आणि बुडाशी चाचपू लागली. दोरा असलेलं कोणतं, नसलेलं कोणतं, हे तिला एकदाच सांगावं लागलं. अंधार पडायच्या आत ओळी संपल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. ओळींतून हिंडला, मध्येच कुठं तरी वाकला, पानं उलटून पाहिली, एकही सेल्फ सापडलं नाही, आणि चहा पिऊन गेला. माणिकराव त्याला रस्त्यापर्यंत सोडून आले आणि विहिरीच्या काठावर टेकले.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात होती. क्रॉसिंग संपलं त्या दिवशी हुरमतबी पुन्हा प्लॉटवर आली, या वेळी चालत. आमच्या पेटीतल्या सगळ्या बांगड्या आईनं गाठोडं बांधून आणल्या होत्या. धुऱ्यावर चादर अंथरली. बाया एकामागं एक हात पुढं करत होत्या. एका बाजूला सासू भरत होती, दुसऱ्या बाजूला सून. मजुरी हातात होती, पुढं सण होते, आणि एवढे दिवस उघडी असलेली मनगटं एकदम वाजू लागली. डझनावर एक प्रत्येकीला मिळाली. बनाबाईनं भांडून दोन घेतल्या.

शेवटी हुरमतबीनं बिलकिसमावशीचा हात ओढला. मावशीनं बारा झाल्यावर हात तसाच पुढं ठेवला.

"काय?"

"बरकतीची?"

"तू घरचीच. तुले कायची बरकत?" म्हातारी म्हणाली. मग आपल्या हातातली एक जुनी, झिजलेली, साधी हिरवी काढली आणि तिच्या हातात सरकवली.

गफ्फारचाचा जालन्याला गेले नाहीत. टपरी अजून आहे. बांगड्यांच्या जोडीला आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. आपली बायको प्लॉटवर काय करते हे त्यांना कधी कळलं, की हुरमतबीसारखंच आधीपासून माहीत होतं, हे मी मावशीला एकदा विचारलं. ती म्हणाली, "त्यायनं इचारलं नाही. मी सांगितलं नाही. अम्मीकडूनच शिकले बाप्पा ते."

पुढच्या वर्षी क्रॉसिंग सुरू झालं तेव्हा बिलकिसमावशीची जाऊ आली, डोक्यावर टोपली घेऊन. तिच्यामागं तांबोळ्यांची सून आली, पानाची टोपली घेऊन. माणिकरावांच्या धुऱ्यावर बाभळीच्या सावलीत टोपल्यांची रांग लागली. एकदा वारा सुटला आणि त्यातल्या एका टोपलीवरचं फडकं उडालं. आत दोनच बांगड्या होत्या. आईनं ते पाहिलं, फडकं पुन्हा नीट झाकलं आणि वर एक दगड ठेवला.